खोऱ्यात शिरण्याआधी

8 मार्च 1948 पर्यंत पुण्याहून भोरला जाणारा माणूस परमुलखात जात असे. कात्रजचा घाट उतरून नीरेच्या अंगाला वळले की इंग्रजांचा, आणि अखेरचे काही महिने स्वतंत्र भारताचा, थेट अंमल मागे पडे आणि भोर संस्थानच्या पंतसचिवांचे राज्य सुरू होई. कचेरी त्यांची, न्याय त्यांचा, शाळाही त्यांच्या. 925 चौरस मैलांचे हे संस्थान सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरले होते. त्याच्या पाच तालुक्यांपैकी चारांना किल्ल्यांची नावे होती : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड आणि सुधागड. पाचवा पवनमावळ. आज सुधागड रायगड जिल्ह्यात आहे, प्रचंडगड म्हणजे आपला तोरणा, आणि विचित्रगड म्हणजे भोरच्या डोक्यावरचा रोहिडा. 2024 साली राज्य सरकारने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव दिले, तेव्हा पुष्कळांना तो नवा बदल वाटला. तालुक्याला गडाचे नाव देण्याची रीत या मुलखात संस्थानी काळापासूनची आहे. या पुस्तकात आम्ही वेल्हे हेच नाव जास्त वेळा वापरले आहे, कारण गावांत आणि एसटीच्या पाट्यांवर अजून तेच रुळलेले आहे.

हद्दीची ती रेघ 1948 साली पुसली गेली. आता पुण्याहून दीड तासात भोर गाठता येते, वेल्ह्याला त्याहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि वाटेत कोणी परवाना विचारत नाही. माझे म्हणणे असे की, इथे येणाऱ्याला परदेशी जाताना करावी तेवढीच पूर्वतयारी लागते. रस्ता सोपा झाल्याने तिची गरज उलट वाढली आहे. परदेशी निघालेला माणूस चार गोष्टी विचारून घेतो : तिथे पाऊस कधी, पाणी कुठले प्यायचे, देवळात कसे वागायचे, कोणत्या गोष्टीने लोक दुखावतात. भोर-वेल्ह्याला येणारा यातले काही विचारत नाही, कारण त्याला वाटते आपण घराच्या अंगणातच चाललो आहोत. मग भाताच्या खाचरात गाडी उभी राहते, टाक्याच्या पाण्यात आंघोळ होते आणि संध्याकाळी पाचनंतर कोणी तरी गड चढायला घेतो.

प्रवाशाला आगाऊ माहिती देणारे लेखन जगात फार जुने आहे. आपल्या भागापुरते बोलायचे तर 1859 साली मरे यांच्या प्रकाशनाने मुंबई इलाख्यासाठी इंग्रजीत मार्गदर्शिका काढली. ती विलायतेहून येणाऱ्या साहेबासाठी होती. पुढे 1885 च्या सुमारास पुणे आणि सातारा जिल्ह्यांची गॅझेटियरे निघाली. गॅझेटियर कारभारासाठी लिहिले जात असे, तरी त्यातला तपशील आजही थक्क करतो : पिके, जाती, आठवडे बाजार, रस्त्यांची अंतरे, किल्ल्यांची वर्णने. भोर त्या वेळी सातारा जहागिरींत मोडत असे. त्यामुळे पुण्याला चिकटून असलेल्या या मुलखाचा शोध घेणारा जुन्या कागदांत पुणे आणि सातारा यांच्या मध्ये कुठे तरी हरवतो. त्याचा परिणाम अजून टिकून आहे. पुण्याविषयी लिहिणारे सिंहगडाशी थांबतात, साताऱ्याविषयी लिहिणारे महाबळेश्वर-वाईपासून सुरुवात करतात, आणि मधला हा पट्टा दोघांच्याही पुस्तकांत पान-दोन पानांत उरकतो.

मराठीत परमुलखाची ओळख करून देणारे पहिले मोठे पुस्तक कोणते, असे मला विचारले तर मी पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे नाव घेईन. 1889 साली निघालेल्या त्या पुस्तकाच्या नावातच लोकस्थिती आधी आहे आणि प्रवास नंतर. त्या देशात राज्य कसे चालते, शाळा कशा आहेत, बायकांची स्थिती काय, हे सांगणे रमाबाईंना स्वतःच्या हालहवालापेक्षा महत्त्वाचे वाटले. मराठी प्रवासलेखन पुढे त्या वाटेने फारसे गेले नाही. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ 1907 साली छापून आला. अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीतून वाट काढणाऱ्या माणसाची ती विलक्षण कहाणी आहे. नंतर अनंत काणेकर आले, गंगाधर गाडगीळ आले, आणि 1960 साली पुलंच्या ‘अपूर्वाई’ने घराघरांत विलायत आणून सोडली. या लेखकांनी मराठी वाचकाला प्रवासाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मोठेच आहे. पण त्यांच्या पुस्तकांत प्रवासी स्वतः मध्यभागी असतो. ज्या गावात तो उतरला त्या गावाला पाहुण्याकडून काय हवे, हा प्रश्न त्या पुस्तकांच्या कक्षेबाहेरचा होता.

आपल्या मुलखाविषयी माहिती देणारे लेखन दुसऱ्याच अंगाने वाढले, ते किल्ल्यांच्या. चिं. गं. गोगटे यांनी महाराष्ट्रातील किल्ल्यांची पुस्तके लिहिली. ग. ह. खरे यांनी कागदपत्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घालून ‘स्वराज्यातील तीन दुर्ग’ लिहिले. गो. नी. दांडेकरांनी गडावर जाणे हे एका पिढीसाठी व्रत करून टाकले. राजगडावर त्यांचा जीव होता. प्र. के. घाणेकरांनी तटाबुरुजांबरोबर झाडे आणि दगड पाहायला शिकवले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने वाटा, पाणवठे, मुक्काम यांची शिस्तशीर माहिती गिर्यारोहकाच्या हातात दिली. इतिहास संशोधकांचा, भक्तिभावाने गड पाहणाऱ्यांचा आणि गिर्यारोहकांचा असे हे तीन प्रवाह. त्यांच्याशिवाय हे पुस्तक उभे राहिले नसते. तरी तिघांची नजर वर, गडमाथ्याकडे आहे. पायथ्याचे गाव त्यांच्या लेखनात येते ते वाटाड्या मिळण्याचे किंवा रात्री पाठ टेकण्याचे ठिकाण म्हणून.

गेल्या काही वर्षांत चौथा प्रवाह आला, मोबाइलवरचा. त्याने वाट दाखवण्याचे काम पुष्कळ सोपे केले, पण माहितीचा जीव दोन ओळींवर आणून ठेवला : किती तास लागतात आणि फोटो कुठून चांगला येतो.

आमचा आग्रह असा की, भोर-वेल्हे समजून घ्यायचे तर गडाऐवजी खोऱ्यापासून सुरुवात करावी. शिवकाळातला कारभार खोऱ्यांचाच होता. बारा मावळांपैकी कितीतरी इथली : रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, कानंद खोरे, मोसे खोरे. प्रत्येक खोऱ्याला एक नदी आणि एक देशमुख घराणे. कारीचे जेधे रोहिडखोऱ्याचे, बांदल हिरडस मावळाचे, शिळीमकर गुंजण मावळाचे, मरळ कानंद खोऱ्याचे, पासलकर मोसे खोऱ्याचे. त्यांच्यात सोयरिकी होत्या, वतनावरून रक्तपातही होते. शिवाजी महाराजांनी या खोऱ्यांना एका कामाला लावले, हे त्यांचे पहिले मोठे राजकारण. राजगडावर उभे राहून उत्तरेला पाहिले तर गुंजवणीचे खोरे दिसते, दक्षिणेला वेळवंडीचे. गुंजवणे आणि पाली ही गावे एका बाजूला, भुतोंडे दुसऱ्या बाजूला. एकच गड दोन खोऱ्यांवर नजर ठेवून आहे. मुरुंबदेवाच्या त्या डोंगरावर महाराजांनी राजधानी का बांधली, याचे अर्धे उत्तर तिथे उभे राहिल्यावरच मिळते. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले द्यावे लागले; राखलेल्या बारांत राजगड आणि तोरणा होते. पुढच्या वर्षी आग्र्याहून निसटल्यावर महाराज पोहोचले ते राजगडालाच.

खोऱ्यापासून सुरुवात केली की आणखी एक गोष्ट कळते. इतिहासाचे कागद गडांवर राहिले नाहीत, ते खालच्या वाड्यांत राहिले. भोरजवळचे कारी हे गाव घ्या. तिथल्या जेधे देशमुखांच्या दप्तरात एक शकावली होती. सनावळीने घटना टिपलेली, कोरडी, अलंकार नसलेली. लोकमान्य टिळकांनी ती 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तात प्रसिद्ध केली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख आज आपण पाळतो, तिच्यामागचा सर्वांत भक्कम आधार ही शकावली आहे. दरवर्षी सरकारी सुट्टी ज्या तारखेला पडते, ती या खोऱ्यातल्या एका घराने जपलेल्या कागदावरून ठरली. कारीला जाणाऱ्याला हे ठाऊक असले, तर रस्त्याकडेच्या साध्या वाड्याकडे तो वेगळ्या नजरेने पाहील.

भोर संस्थानाची हकीकतही अशीच खालच्या गावांत सापडते. शंकराजी नारायण यांना राजाराम महाराजांनी सचिवपद दिले आणि 1697 पासून हे घराणे इथे रुजले. 1707 साली शाहू महाराज दक्षिणेत परतले, तेव्हा शंकराजी राजारामांच्या पत्नी ताराबाई यांच्याशी शपथेने बांधलेले होते. एकीकडे शपथ, दुसरीकडे संभाजीराजांचा मुलगा. या पेचात त्यांनी आंबवड्यास देह ठेवला. शाहूंनी पुढे सचिवपद त्यांच्या लहानग्या मुलाला, नारो शंकर यांना दिले. आंबवड्याच्या नागेश्वराजवळ, झाडीत, शंकराजींची समाधी आहे. भोरच्या राजवाड्यावर चित्रपटवाल्यांची गर्दी असते आणि रामनवमीला गावाची. आंबवड्याला मात्र फार थोडे लोक वळतात. आम्ही वाचकाला तिकडे आवर्जून वळायला सांगतो.

आणि मग पाणी. या दोन तालुक्यांविषयी बाहेरच्याला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी पाण्याची सांगितली असती. वेळवंडीवरचे भाटघर धरण 1928 साली पुरे झाले. त्याच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, तिथेच एक जुने धरण होते. साडेतेवीस टीएमसीचा हा साठा नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातो. पुढे नीरेवर देवघरचे धरण झाले. वेल्ह्यात गुंजवणीचे झाले, त्याचे पाणी पुरंदरकडे. पानशेत आणि वरसगाव पुणे शहराला पाजतात. 12 जुलै 1961 ला पानशेतचा बांध फुटला तो दिवस पुणेकर विसरलेले नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावर इतका पाऊस कोसळतो आणि तो सगळा अडवून खाली पाठवला जातो. ऊस खाली, साखर कारखाने खाली, शहर खाली. वरच्या खोऱ्यांत पोटापुरते भात, नाचणी, वरई. तळाची सपाट, कसदार जमीन जलाशयाखाली गेली आणि गावे उतारांवर सरकली. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी उतरले की कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. लोक ते पाहायला जातात, फोटो काढतात. ते देऊळ कोणाच्या तरी गावाचे आहे आणि त्याच्या आजूबाजूला शेते होती, हे पाहणाऱ्याला कोणी सांगायला नको का? फेब्रुवारी-मार्चनंतर डोंगरावरच्या वाड्यांतल्या बायका धरणाच्या निळ्या पाण्याकडे बघत हंडे घेऊन झऱ्याशी थांबतात, हेही सांगायला हवे.

2011 च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे 54 हजार होती. पुण्याच्या एखाद-दोन प्रभागांत तेवढी माणसे राहतात. घरटी एक तरी माणूस मुंबईला किंवा पुण्याला, नाहीतर शिरवळच्या कारखान्यात. गावात राहिलेल्यांत म्हातारी माणसे आणि बाया अधिक. शनिवार-रविवारी गडाखाली येणाऱ्या गर्दीपुढे असे गाव किती लहान पडते याचा अंदाज यावरून यावा. पिठले-भाकरीचे जेवण, तंबूची जागा, गाडीतळाचे पैसे यांतून घरांना आधार मिळू लागला आहे आणि तो मिळायलाच हवा. पण गर्दी कशी यावी, कधी यावी हे ठरवायला त्या गावांना कोणी बोलावलेले नाही.

हे पुस्तक आताच का, याचे उत्तर इथे येते. 11 जुलै 2025 ला युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत राजगड आहे. तो केंद्राच्या ताब्यातला नाही, राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात आहे. आता परदेशी पाहुणे वाढतील, आणि परदेशात वाढलेली आपली नातवंडेही आजोबांचे बोट धरून येतील. त्यांच्या हाती इंग्रजीतली एक पुस्तिका पडेल, तीत माच्यांची आणि दरवाजांची नावे असतील. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, बालेकिल्ला. ती नावे हवीतच. पण पाली दरवाजाने उतरल्यावर खाली जे गाव लागते, तिथे सईबाईंची समाधी आहे, तिथे भात पिकते, तिथे शाळा आहे, हे त्या पुस्तिकेत असेल असे मला वाटत नाही. यादीत नाव आल्याने गडाला मान मिळाला. खोऱ्याला तो मिळवून देण्याचे काम आपल्या भाषेतल्या लेखनाला करावे लागेल.

आता पुस्तकाविषयी. स्थळांची जंत्री देण्याचा हेतू नाही. ती अन्यत्र आहे आणि चांगली आहे. आम्ही सहा खोऱ्यांच्या क्रमाने गेलो आहोत आणि प्रत्येक ठिकाणी वर्ष पायथ्याकडून सांगितले आहे. एक उदाहरण देतो. मार्च-एप्रिलमध्ये वेल्ह्याकडे गेलात तर शेतांच्या कडेला काळे चौकोन दिसतील आणि धुराचा वास येईल. शहरातून आलेल्याला वाटते वणवा लावला, कोणी तरी तक्रारही करतो. तो राब असतो. झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण एका तुकड्यावर पसरून वर मातीचा पातळ थर देतात आणि वारा पाहून, उलट्या दिशेने पेटवतात. जमीन भाजून निघते, तणाचे बी मरते, राख मिसळते. मृगाच्या तोंडावर त्यात भात पेरतात. महिन्याभराने रोप हातभर झाले की उपटून, चिखलणी केलेल्या खाचरात लावणी होते. ते आठ-दहा दिवस घरात कोणाला बोलायला सवड नसते. त्या दिवसांत पाहुण्याने जेवणासाठी खोळंबा करू नये, आणि बांधावरून चालताना बांध ढासळणार नाही एवढे पाहावे. फुटलेल्या बांधातून खाचरातले पाणी निघून जाते आणि लावलेले रोप वाळते. राबासाठी झाडे खूप छाटली जातात ही टीका रास्त आहे, तिचीही चर्चा पुस्तकात आहे. पण आधी राब म्हणजे काय ते कळू दे.

काजव्यांच्या दिवसांविषयी आम्ही जाणूनबुजून सविस्तर लिहिले आहे. पावसाच्या आधीच्या पंधरवड्यात या खोऱ्यांतली झाडे रात्रभर लुकलुकतात आणि ते बघायला गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्यांचा उजेड जोडीदार शोधण्यासाठी असतो. गाडीच्या दिव्यांत आणि विजेरीच्या झोतात तो बुडतो. ज्यांना हे पाहायचे आहे त्यांनी दिवे मालवून, झाडापासून लांब, गप्प उभे राहावे.

घाटवाटांना मोठी जागा दिली आहे. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, मढे घाट, उपांड्या, वरंध. देश आणि कोकण यांच्यातला सगळा व्यवहार एके काळी या वाटांनी चाले. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह मढे घाटाने उमरठला नेला, अशी इथली परंपरा सांगते. केळद, मोहरी, सिंगापूर या माथ्यावरच्या गावांची नाती आजही खाली कोकणात आहेत, लग्ने जमतात ती उभ्या कड्याच्या वर-खाली. रायरेश्वराच्या पठारावर जंगम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. शिवरायांच्या शपथेची कथा ऐकून तिथे जाणाऱ्याने त्या घरांतल्या माणसांशी दोन शब्द बोलून यावे, त्यांचा पावसाळा कसा जातो ते विचारावे.

व्यवहाराच्या सूचना शेवटी एकत्र दिल्या आहेत. त्यांतल्या तीन इथेच सांगतो, कारण त्यांच्यावर जीव अवलंबून असतो. वरंध घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि प्रशासन तो वाहतुकीला बंद करते. निघण्याआधी भोरमध्ये चौकशी करा. गडावर धूर आणि गोंगाट करू नका, आग्या मोहोळ उठले तर कड्यावर पळायला जागा नसते. आणि तोरण्याची किंवा राजगडाची वाट पावसात, गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय, धरू नका. त्याची मजुरी आधी ठरवा आणि ती घासाघीस न करता द्या.

पुस्तकात अनेकांचा हात आहे : शिक्षक, एसटीचे वाहक, धरणग्रस्त गावांतले कार्यकर्ते, गडांवर राबणाऱ्या संस्थांतली मुले. त्यांची माहिती आम्ही पडताळून घेतली आहे. रस्ते, गाड्यांच्या वेळा आणि घाटांची स्थिती मात्र दर पावसाळ्यात बदलते. ज्यांना चूक आढळेल त्यांनी प्रकाशकांकडे ती लेखी कळवावी. विशेषतः ज्यांची गावे इथे वर्णिली आहेत, त्यांनी आपल्या गावाविषयी काय चुकले आणि काय राहिले ते सांगावे. पुढच्या आवृत्तीत त्यांचा मजकूर आधी घेतला जाईल.